शेवटच्याला पहिली पाळी

आपांनी आयुष्यात बास्केटबॉलची एकही मॅच पाहिली नव्हती. ऑफिसात भिंतीवर मोठा टीव्ही होता, साहेबांनी मुद्दाम लावून घेतलेला. सकाळी आम्ही पोचायचो तेव्हा त्यावर अमेरिकेतली रात्रीची मॅच चाललेली असायची. आपा आल्या की आधी टीव्हीकडे पाठ होईल अशी खुर्ची फिरवायच्या, मग पर्स ठेवायच्या, मग सगळ्यांना सलाम करायच्या.

"मॅच बघितली की माणूस आशिक होतो," त्या म्हणायच्या. "आणि आशिकाला नंबर लावता येत नाय."

आमचं काम नंबर लावण्याचंच होतं.

हे काम नेमकं काय होतं ते मी घरी कधी नीट सांगू शकले नाही, म्हणून इथं एकदा सांगून टाकते. अमेरिकेत मित्रमंडळी एक खेळ खेळतात. त्यासाठी मैदानावर जावं लागत नाही. दहा-बारा जण एके दिवशी जमतात आणि पाळीपाळीनं खऱ्या, व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडूंची नावं घेऊन आपापली कागदावरची टीम बनवतात. एकानं घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. मग सीझनभर ते खेळाडू खरोखर जसे खेळतील तसे यांना गुण मिळतात. नावं घेण्याच्या त्या दिवसाला ड्राफ्ट म्हणतात आणि त्याची तयारी लोक बोर्डाच्या परीक्षेसारखी करतात. परीक्षा म्हटली की गाइड आलंच. कुणाला आधी घ्यावं याचे नंबर लावून देणारं तसलं एक गाइड तिकडची एक कंपनी काढायची आणि ते लिहिलं जायचं औरंगपुऱ्यात, पुस्तकांच्या एका दुकानाच्या डोक्यावर. खाली दहावीची गाइडं विकली जात आणि वर आम्ही हे लिहीत असू. वर्षभर खेळाडूंच्या नोंदी चालायच्या; खरी घाई गणपतीत सुरू व्हायची आणि दसऱ्याच्या आसपास संपायची, त्यामुळे सणाच्या दिवसांत मी घरी असल्याचं मला आठवत नाही.

आई नातेवाइकांना "ती स्पोर्ट्समध्ये आहे" असं सांगायची. ऐकणारा माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघायचा आणि विषय बदलायचा.

साहेब सोडले तर आम्ही पाच जण. वैशालीताई दुखापतींच्या बातम्या गोळा करायच्या. रामेश्वर आकडे भरायचा. तो गंगापूरच्या पुढून रोज एसटीनं यायचा. घरची मेंढरं होती आणि पहाटे ती बघूनच तो गाडी पकडायचा. नदीम गाइडाची पानं मांडायचा, उरलेल्या वेळात लग्नांचे अल्बम करायचा. मी खेळाडूंवर टिपणं लिहायचे, प्रत्येकावर तीन-चार ओळी. आणि ती सगळी टिपणं आपा तपासायच्या, लाल पेनानं, प्रिंट काढून. स्क्रीनवर तपासलेल्या चुका त्यांच्या मते परत येत.

आपांनी मुलींच्या शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. शाळा सुटली, पण प्रगतिपुस्तकात शेरा मारायची सवय सुटली नव्हती. खेळाडूंवर त्या स्वतः काही लिहीत तेव्हा ते शेरेच असत. "मुलगा प्रामाणिक आहे, गुडघा प्रामाणिक नाही." "हुशार, पण पंचांशी बोलण्यात वेळ घालवतो." "घरचं वातावरण अलीकडे बरं नसावं." हे सगळं शुद्ध इंग्रजीत. तिकडचा संपादक ही वाक्यं निमूट काढून टाकायचा, आणि आपा पुढच्या वर्षी ती परत घालायच्या.

खेळाडूंची खरी नावं फक्त कागदावर. तोंडी सगळ्यांना त्यांनी आपली नावं दिली होती. दर वर्षी टीम बदलणारा एक जण भाडेकरू. एक अतिशय उंच युरोपियन मुलगा होता, तो पाण्याची टाकी. एक म्हातारा झालेला, अफाट श्रीमंत, अजून खेळणारा सम्राट होता, तो अर्थातच निजाम.

"निजामाचा घोटा कसा आहे?" त्या वैशालीताईंना विचारायच्या.

"सुजलाय म्हणतात."

"मीठ-पाण्यात पाय घालून बसायला कोणी सांगत नाय का त्याला? आई कुठं राहते त्याची?"

खेळाडूची आई कुठं राहते हे आपांना कळावं लागायचं. ते कळल्याशिवाय त्या त्याचा नंबर पक्का करायच्या नाहीत. वैशालीताई बिचाऱ्या शोधून द्यायच्या. आई जवळ राहणारा खेळाडू आपांच्या यादीत दोन घरं वर चढायचा. आणि गुडघ्याच्या बाबतीत तर त्या कुणाचंच ऐकत नसत. "गुडघ्याचं मला नका सांगू, माझ्या घरात दोन आहेत." हे त्यांच्या मियाँचे. मियाँ काही वर्षांपासून पलंगाला टेकून होते आणि घर आपांच्या पगारावर चाललं होतं. त्यामुळे गुडघा दुखावलेला कुठलाही खेळाडू आपा एकदम तळाला टाकायच्या, आणि तो संक्रांतीपर्यंत ठणठणीत होऊन उड्या मारायला लागायचा. दर वर्षी कुणीतरी असा निघायचा. अमेरिकेतले गुडघे बरे होतात हे आपांना शेवटपर्यंत पटलं नाही.

थोडक्यात, त्या फार बरोबर असायच्या असं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्यात त्या बरोबर होत्या की नाही हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

*

गाइडात एक नमुन्याचा ड्राफ्ट छापावा लागायचा. बारा जण बसले तर कोण कुणाला घेईल, हे वाचकाला दाखवायचं. तो ड्राफ्ट आम्ही ऑफिसात खरोखर करायचो. टेबलाभोवती बारा खुर्च्या लागायच्या; कमी पडलेल्या खालच्या दुकानातून आणायचो. आम्ही चौघं प्रत्येकी एकेक अमेरिकन व्हायचो. उरलेले आठ अमेरिकन आपा.

त्या प्रत्येक पाळीला उठून त्या-त्या खुर्चीत जाऊन बसायच्या. आणि खुर्ची बदलली की माणूस बदलायचा. खिडकीजवळच्या खुर्चीत त्या चिक्कू व्हायच्या, फक्त जुने, खात्रीचे खेळाडू घ्यायच्या. कूलरजवळ बसल्या की त्यांच्यात एकदम जुगारी शिरायचा. दाराजवळच्या खुर्चीतला अमेरिकन भोळा होता. तो नेहमी फसायचा आणि आपांना त्याचं मनापासून वाईट वाटायचं.

"अरे, तो कूलरवाला माझं पोरगं घेऊन गेला!" भोळ्याच्या खुर्चीतून त्या ओरडायच्या.

"आपा, कूलरवाला म्हणजे तुम्हीच," रामेश्वर.

"मैं क्या करूँ? त्या खुर्चीत बसल्यावर मला दया राहत नाय."

खऱ्या ड्राफ्टमध्ये नाव घ्यायला घड्याळ लावतात. आमच्याकडे घड्याळ म्हणजे आपांचं सीताफळ. तो हंगामच सीताफळांचा. दौलताबादकडून येणारी टोपली त्या शहागंजातून घेऊन यायच्या आणि टेबलावर फोडून ठेवायच्या. तुमची पाळी आली की त्या गरासकट एक बी तोंडात टाकायच्या. गर संपून बी समोरच्या स्टीलच्या बशीत पडली, टक्, की वेळ संपली. त्याआधी नाव घेतलंत तर त्या भरल्या तोंडानं म्हणायच्या, "कबूल." नाही घेतलंत तर पाळी गेली.

पहिल्या वर्षी माझ्या पाळीला सलग तीन वेळा बी पडली. नाव मला माहीत असायचं. समोर लिहिलेलं असायचं. पण सगळे थांबलेत, माझ्याकडे बघतायत, आणि आता आवाज काढायचाय, एवढं झालं की माझ्या घशाचं दार लागतं. लहानपणापासून तसंच आहे. शाळेत वर्गात बोलायचं इंग्रजीत, बाहेर बोलायचं मराठीत, आणि मी दोन्हीकडं गप्प बसायला शिकले.

"ओ कॉन्व्हेंट," आपा म्हणाल्या, "मुँह में दही जम गया क्या?"

"पास," मी म्हणाले. म्हणजे ओठ हलवले.

"पास नसतं इथं. पास म्हणणाऱ्याला अमेरिकेत पण कोणी विचारत नाय. नाव घ्यायचं."

चौथ्या वेळी मी नाव घेतलं. कुणाचं ते आठवत नाही. "कबूल" तेवढं आठवतं.

त्या दिवशी काम संपल्यावर बशी विसळताना त्यांनी मला विचारलं, "शाळेत खेळाच्या तासाला दोन कॅप्टन मुली निवडतात ना, तेव्हा तुला कितवी घ्यायचे?"

मी असल्या गोष्टी कुणाला सांगत नाही. पण नळ चालू होता. "शेवटची," मी म्हणाले.

"शेवटची घ्यायचे की उरायचीस? फरक आहे."

मी विचार केला. आमच्या वर्गात शेवटी मी आणि एक दम्याची मुलगी उरायचो, आणि बाई म्हणायच्या, तू इकडे, तू तिकडे. कॅप्टननं माझं नाव कधी घेतलंच नव्हतं.

"उरायचे," मी म्हणाले.

आपांनी नळ बंद केला. ओली बशी ओढणीला पुसली आणि मला धरायला दिली.

त्या खेळातला एकच नियम आपांना मनापासून आवडायचा. पहिल्या फेरीत पाळी एक ते बारा अशी जाते. दुसऱ्या फेरीत ती उलटी फिरते, बारा ते एक. म्हणजे शेवटच्या माणसाला लागोपाठ दोन नावं मिळतात. एका फेरीचा शेवट त्याचा आणि पुढच्या फेरीची सुरुवातही त्याचीच. "शेवटच्याला पहिली पाळी," आपा म्हणायच्या. "एवढी एक गोष्ट त्या लोकांनी शहाणपणाची केली." रांगेत, बँकेत, पाण्याच्या टँकरपुढं, कुठंही त्यांना हा नियम आठवायचा, आणि कुठंही तो लागू नसायचा.

*

मी तिथं लागले तेव्हा घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. नोकरी आहे तोवर थांबू, असं वडिलांनी आईला कबूल केलं होतं. तोवर म्हणजे किती, ते कुणी विचारलं नाही. मी रोज गारखेड्याहून औरंगपुऱ्याला जायचे, गर्दीत स्कूटी लावायला जागा शोधायचे, संध्याकाळी डोळे चुरचुरत परत यायचे, आणि पाणी यायचा दिवस असेल तर आल्यावर टाकी भरायचे. कामाचं मला प्रेम होतं असं म्हणवत नाही. पण ते होतं तोवर मला कुणी बघायला येणार नव्हतं. मला तेवढं पुरत होतं.

मग एका सप्टेंबरात तिकडून मेल आला. टिपणं यापुढे सॉफ्टवेअर लिहिणार. माणसं तीनच लागतील: एक दुखापतींच्या बातम्यांवर लक्ष ठेवायला, एक सॉफ्टवेअरनं लिहिलेलं तपासायला, आणि एक संध्याकाळी तिकडच्या लोकांशी फोनवर बोलायला. पाचांतले दोन जाणार.

साहेब वाईट माणूस नव्हते, पण वाईट बातमी स्वतः सांगायची त्यांची तयारी नसायची. त्यांनी आपांना केबिनमध्ये बोलावलं. केबिनचं दार काचेचं होतं, आणि ते कधीच नीट लागायचं नाही.

"तुम्ही सीनियर आहात, आपा. तुम्हीच नंबर लावून द्या. एक ते पाच. मी वरचे तीन ठेवतो."

"नंबर नाय लागणार."

"एवढी वर्षं शेकड्यांनी नंबर लावलेत तुम्ही."

"त्यांना कधी बघितलं नव्हतं, साहेब. यांना रोज बघते. कोण डब्यात काय आणतंय ते मला पाठ आहे. यांचा नंबर कसा लावू?"

बाहेर आम्ही चौघं आपापल्या स्क्रीनकडे बघत होतो. नदीमच्या स्क्रीनवर कुणाचंतरी हळदीचं पान अर्धवट उघडं होतं.

आपा बाहेर आल्या. "ड्राफ्ट करू," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी. सीताफळं मी आणते. यावेळी माणसांचा नाय. माणसं नाव घेतील, कामांचं."

रात्री मी अंथरुणात पडून तपासायचं काम मागायचं ठरवलं. टिपणं मी लिहिली होती, इंग्रजी माझं बरं होतं. ते काम सरळ सरळ माझं होतं. मी ते वाक्य मनात म्हणून बघितलं. मनात मला नेहमी छान म्हणता येतं.

*

सकाळी टेबलावर तीन वस्तू मांडलेल्या होत्या. टीव्हीचा रिमोट म्हणजे दुखापतींचं काम. लाल पेन म्हणजे तपासायचं. ऑफिसचा मोबाइल म्हणजे फोनचं. बाजूला सीताफळं आणि स्टीलची बशी. साहेब दाराशी उभे होते, आत यायचं की नाही हे न ठरवता.

"पाळी मी लावणार," आपा म्हणाल्या. "ज्याला बाहेर घेणारं कोणी नाय, त्याची पाळी आधी. ज्याला कोणीपण घेईल, त्याची शेवटी. कबूल?"

नदीमनं मान हलवली, मग आम्ही सगळ्यांनी.

"वैशाली. ये."

वैशालीताई बारावी झालेल्या होत्या, नवरा सोडून गेलेला, घरी मुलगी आणि सासू. त्यांनी रिमोट उचलला आणि तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. आपांची बी अजून तोंडातच होती. "कबूल."

"दुसरी पाळी माझी," आपा म्हणाल्या. "असं काइकू बघायलेत? या वयात मला बाहेर कोण घेतंय? घरात दोन गुडघे आहेत." आणि त्यांनी लाल पेन उचललं. माझं पेन. मग स्वतःच स्वतःला म्हणाल्या, "कबूल."

मला वाटलं होतं त्या स्वतः बाजूला होतील. मोठी माणसं तसं करतात, निदान गोष्टींत. आपांनी तसलं काही केलं नाही, आणि त्यांना त्याची लाजही वाटली नाही.

"रामेश्वर."

रामेश्वर मोबाइलकडे साप बघावा तसा बघत होता. "आपा, मला त्या गोऱ्यायचं बोलणं समजत नाय."

"तुझं त्यांना समजतंय का ते आधी बघू."

"नाय पण लई फास्ट बोलतेत वो ते."

"मेंढरं सांभाळतोस, एक माणूस सांभाळायला काय झालं? उचल."

साहेब दाराशी खोकले. "आपा, फोनला ही जास्त बरी नाही का?" त्यांनी माझ्याकडे हात केला. "हिचं इंग्रजी..."

"तिचं इंग्रजी बरं आहे. म्हणूनच तिची पाळी नाय अजून. आणि फोनवर ती बोलणार? घरी फोन करायचा तर जिन्यात जाऊन आधी घाम पुसते. रामेश्वर, बी पडायला आली."

रामेश्वरनं मोबाइल उचलला. "कबूल."

टेबलावर आता फक्त सीताफळं होती.

"नदीम."

"मेरे लिए क्या बचा, आपा?" नदीम हसून म्हणाला. "शादियों का सीझन है, मेरा चल जाएगा. ती गोल फिरणारी खुर्ची देता का? ती घेतो मी."

"साहेबांची आहे ती."

"म्हणूनच तर."

सगळे हसले, साहेबसुद्धा. आपा म्हणाल्या, "कबूल," आणि साहेबांचं हसू थांबलं. ती खुर्ची नदीमनं त्या दुपारी खरोखर रिक्षात घालून नेली.

मग आपांनी माझ्याकडे बघितलं. "कॉन्व्हेंट. तुझी पाळी."

त्यांनी बी तोंडात टाकली.

घ्यायला काहीच उरलं नव्हतं. मी उठून निघून गेले असते तर चाललं असतं. साहेबांनी तर मान खालीच घातली होती. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: तू इकडे, तू तिकडे. आणि संध्याकाळी घरी काय सांगायचं. आणि आई फोन कुणाला आधी लावेल.

आपा चघळत होत्या. एका बीला एवढा गर नसतो. तो कधीच संपला होता, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी बी गालात धरून ठेवली होती आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. रामेश्वरनं एकदा बशीकडे बघितलं. वैशालीताईंनी रिमोट मांडीवर ठेवला. बी काही पडेना.

"पुढच्या फेरीची पहिली पाळी माझी," मी म्हणाले.

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

टक्.

आपा "कबूल" म्हणाल्या नाहीत. पुढची फेरी असेल की नाही हे त्यांच्या हातात नव्हतं, आणि हातात नसलेल्या गोष्टीला त्या होकार देत नसत. त्यांनी बशी उचलली आणि विसळायला गेल्या.

*

त्यानंतर मी त्यांच्यावर बरेच महिने रागावलेले होते. ज्याला कोणीपण घेईल त्याची पाळी शेवटी, हे ऐकायला बरं वाटतं. घरी बसल्यावर ते तेवढं बरं वाटत नाही. काकांनी माझा बायोडेटा केला. त्यात माझ्याबद्दल तीन-चार ओळी होत्या: मुलगी शांत, मनमिळाऊ, घरकामाची आवड. वाचून मला आपांचं लाल पेन आठवलं. लोक यायचे, पोहे खायचे, मला दोन-तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत आईकडे बघायचे. एका मुलाच्या मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बोलत नाही का ही?" तेव्हा मला वाटलं, यांच्या तोंडात एक बी द्यावी आणि सांगावं, थांबा जरा.

मला बाहेर घेणारं कुणीतरी आहे, हा आपांचा अंदाज खरा निघाला. तो खरा ठरायला अख्खा उन्हाळा गेला एवढंच. चिकलठाण्याला एका कंपनीत मी लागले. तिथं अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं वाचायची. गुडघेच गुडघे. कंपनीची बस आहे, पीएफ आहे, आणि दिवसभर कुणी कुणाशी बोलत नाही. पोहे थांबले. मी जुन्या ऑफिसला फोन केला नाही. त्यांनीही केला नाही.

मग गेल्या वर्षी सीताफळांच्या दिवसांत, जेवणाच्या सुट्टीत, फोन वाजला. मी तो घेऊन जिन्यात गेले.

"कॉन्व्हेंट, घाम पुसला?"

"हो, आपा."

"वैशाली चालली. नाशिकला, भावाकडं. एक खुर्ची खाली झाली. साहेब म्हणाले जाहिरात देऊ. मी म्हटलं जाहिरात काइकू, फेरी उलटी फिरली, पहिली पाळी त्या पोरीची आहे. ते म्हणाले ती तर कधीच गेली. मी म्हटलं गेली नाय, वळणावर उभी आहे."

मी जिन्याच्या कठड्याला टेकले. मला वाटलं होतं ते वाक्य माझ्याशिवाय कुणाच्याच लक्षात नसेल.

"रामेश्वर कसा आहे?" मी विचारलं, वेळ काढायला.

"गोरे त्याच्याशी हळू बोलायला शिकले. आता एक जण त्याला मेंढरांचे फोटो मागतो."

"आणि नदीम?"

"भेटला होता शहागंजात. अल्बम कोणी करत नाय म्हणतो आता, सगळं मोबाइलमध्येच. साहेबाची खुर्ची पण विकली त्यानं." सीताफळ फोडल्याचा आवाज आला. "ते जाऊ दे. तुझं बोल. बी तोंडात आहे."

खरंच होती. त्यांचा आवाज गालातून येत होता.

रिमोटची खुर्ची. सकाळी औरंगपुऱ्यात स्कूटीला जागा शोधायची, निजामाचा घोटा विचारायचा, कुणाची आई कुठं राहते ते शोधायचं. दोन वर्षांपूर्वी मी याच्यासाठी काहीही केलं असतं. आता मला फक्त दमल्यासारखं झालं. वर माझं टेबल होतं, त्यावर उघडं ठेवलेलं कुणाच्यातरी गुडघ्याचं बिल होतं, आणि बस साडेसहाला सुटायची. परत पहिल्यापासून सुरू करायची ताकद माझ्यात नव्हती.

"पास, आपा."

"पास नसतं."

"माहितीय."

"मग नाव घे. पाळी तुझी आहे. ती साहेबाला परत नाय मिळत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. फोनमध्ये त्यांच्या मागून टीव्हीचा आवाज येत होता, कुठलंतरी मैदान, खूप लोक ओरडत होते. आपांची पाठ तिकडंच असणार. वरच्या मजल्यावरून एक मुलगी जिना उतरत आली, माझ्याकडं बघून थांबली. मी तिला जायला जागा दिली. बी अजून पडली नव्हती.

"नदीम," मी म्हणाले.

जिन्यात तो शब्द दोनदा ऐकू आला. उतरणाऱ्या मुलीनं वळून बघितलं.

बशीत टक् असा आवाज झाला, आणि मग मोकळ्या तोंडानं आपा म्हणाल्या, "कबूल."